पीएचडीचा अर्ज, देवलांच्या श्रुती आणि एटापल्लीची रेला

मागचा भाग चांद्याच्या परकोटावर होता, आजचा जरा वेगळा आहे. नेहमीप्रमाणे ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना अडखळलो ते गाळलं, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "डिसेंबरमध्ये दोन भाग का चुकले?" कारण सांगतो. मी पीएचडीचे अर्ज भरत होतो. विषय आहे कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगीत. आता तुम्ही म्हणाल, हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे, इथं तुझे अर्ज कशाला? त्याचं उत्तर असं की अर्ज भरता भरता मी शंभर वर्षं मागे गेलो, आणि तिथं जे सापडलं त्यानं माझा अर्जच बदलून टाकला.

थोडं घरचं सांगतो. आम्ही वडशाचे, म्हणजे कागदोपत्री देसाईगंजचे, जिल्हा गडचिरोली. वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीचं गाव. दिवाळी झाली की मंडई, शंकरपट, आणि गावोगावी रात्रभर चालणारी नाटकं. बाबा नाटकात ऑर्गन वाजवतात. डिसेंबरमध्ये त्यांचा सीझन अगदी भरात असतो आणि जगभरातल्या विद्यापीठांच्या अर्जांच्या तारखाही नेमक्या तेव्हाच येतात. म्हणजे रात्री दोन वाजता बाबा कुठल्यातरी गावच्या मांडवात ऑर्गनवर, आणि मी पुण्यातल्या खोलीत लॅपटॉपवर. मी नागपूरला बीटेक केलं, सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतोय. संगीत घरातलं, कोड पोटापाण्याचा. दोन्ही एकत्र करता येतात हे कळल्यावर माणूस हुरळणारच.

पहिल्या वर्षी मी तसाच हुरळून अर्ज केला. उद्देशपत्रात लिहिलं होतं की मी एक मोठं मॉडेल तयार करीन, ते हजारो तासांचं हिंदुस्थानी संगीत ऐकेल आणि स्वतः राग गाईल. तीन शिफारसपत्रं, गिटहबवरचं काम, फी, सगळं व्यवस्थित. उत्तर आलं, नाही. एका ठिकाणच्या मुलाखतीत मला एकच प्रश्न विचारला गेला: "मॉडेल बरोबर गातंय हे तुम्ही कोणाला विचारून ठरवणार?" मी म्हणालो, अचूकतेचा आकडा काढू. समोरचे दोघं काही बोलले नाहीत. मला वाटलं प्रश्न सोपा होता आणि मी बरोबर उत्तर दिलं.

घरी आलो तेव्हा बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बापू, तुही मशीन सूर पकडन. पन नट कधी थांबन, कधी रडन, थे तिले कसं समजन?" झाडीपट्टीत ऑर्गनवाला मंचासमोर बसतो आणि त्याची नजर नटावर असते, पट्ट्यांवर नाही. बाबांचा प्रश्न आणि मुलाखतीतला प्रश्न एकच होता, हे मला फार उशिरा समजलं. मग मी वाचायला बसलो, की आपल्याकडे यंत्र घेऊन गाण्याच्या मागे लागलेली माणसं आधी कोण होती?

पहिलं नाव सापडलं ते थेट सांगलीचं. कृष्णाजी बल्लाळ देवल. हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. भरतापासून चालत आलेल्या बावीस श्रुती नेमक्या कुठं आहेत, हे मोजून ठरवायचं त्यांनी मनावर घेतलं. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याची त्यांना मदत झाली. खाँसाहेब गायचे, देवल तारेची लांबी मोजायचे. १९१० साली त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. ई. क्लेमंट्स नावाचे आयसीएस अधिकारी या कामानं भारावले आणि पुढं श्रुती वाजवणारी खास पेटी, म्हणजे श्रुती हार्मोनियम, तयार करून घेतली गेली.

१९१६ साली बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथं ही पेटी आणि हा सिद्धांत तपासला गेला. पंडित विष्णु नारायण भातखंडे तिथं होते, मोठे गवई होते. पेटीत पक्क्या बसवलेल्या श्रुती आणि गवयाच्या गळ्यातून रागात येणारे स्वर यांचा मेळ काही बसला नाही, आणि भातखंड्यांनी तो दावा मान्य केला नाही. वाद पुष्कळ झाला. मला मात्र त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. देवलांची मोजणी प्रामाणिक होती. पण त्यांनी गृहीत धरलं की स्वर एका जागी उभा असतो. पुढं १९६३ मध्ये जयराजभॉय आणि स्टोन या दोघांनी उपकरणं लावून कलाकारांचे स्वर मोजले, तर एकाच नावाचा स्वर कलाकारागणिक वेगळा पडत होता, एवढंच नाही तर एकाच कलाकाराचाही हलत होता.

मी पहिल्या अर्जात काय करत होतो? देवलांचीच चूक, फक्त तारेच्या जागी ग्राफिक्स कार्ड.

आता जरा बाहेरच्या जगाकडे बघू. यंत्र संगीत रचू शकेल ही कल्पना एडा लव्हलेसनं १८४३ सालीच लिहून ठेवली होती, तेव्हा संगणक अस्तित्वातही नव्हता. १९५७ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात लेजारेन हिलर आणि लिओनार्ड आयझॅक्सन यांनी इलियाक नावाच्या संगणकाकडून चार तंतुवाद्यांसाठी एक रचना करून घेतली, 'इलियाक सूट'. त्याच वर्षी बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी संगणकातून प्रत्यक्ष आवाज काढणारा प्रोग्राम लिहिला. या सगळ्यांकडे एक सोय होती, त्यांचं संगीत कागदावर लिहिलेलं होतं. सुरांची नावं, लांबी, सगळं पानावर. आपलं संगीत गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात जातं. मग आपल्याकडे यंत्राला शिकवायचं कसं?

या प्रश्नावर मला जी गोष्ट सापडली तिनं माझे दोन आठवडे खाल्ले. १९८० च्या दशकाची सुरुवात. जेम्स किपेन नावाचा संशोधक लखनौला उस्ताद अफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होता. त्याला भेटला बर्नार्ड बेल, फ्रेंच संगणकतज्ज्ञ, जो तेव्हा भारतात राहून गाण्यातल्या स्वरांची हालचाल मोजणारं यंत्र तयार करत होता. दोघांनी मिळून एक प्रोग्राम उभा केला, 'बोल प्रोसेसर'. नाव छान आहे ना? आपण वर्ड प्रोसेसरमध्ये शब्द टाइप करतो, तसे यात तबल्याचे बोल टाइप करायचे. आणि चालायचं कशावर, तर ॲपल टू जातीच्या संगणकावर. आज तुमच्या हातातल्या घड्याळात त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त ताकद आहे.

त्यांनी निवडला कायदा. तबला ऐकणाऱ्यांना माहीत आहे, कायद्यात एक मूळ बोल असतो आणि त्याचे पलटे होतात. कुठला पलटा चालतो, कुठला नाही, हे उस्ताद एका क्षणात सांगतो, पण नियम सांग म्हटलं तर सांगता येतीलच असं नाही. म्हणून बेल आणि किपेननं नियमांचा एक अंदाज व्याकरणासारखा संगणकात घातला. संगणक त्यावरून नवे पलटे काढायचा. ते पलटे जाणकारासमोर ठेवायचे. तो म्हणायचा, हा ठीक, हा चुकीचा. चुकलेल्यावरून नियम दुरुस्त करायचे, पुन्हा पलटे, पुन्हा उस्ताद. उलटही व्हायचं: वादकानं वाजवलेला पलटा संगणकाच्या व्याकरणात बसतो का, हे तपासायचं. पुढं त्यांनी 'कवाइद' नावाची प्रणाली केली, तिचं काम होतं उदाहरणांवरून आणि प्रश्न विचारून स्वतः नियम शिकणं. आज ज्याला आपण मशीन लर्निंग म्हणतो तेच. संगीतातल्या ज्ञानाचं संपादन आणि मांडणी या विषयावर बेलनी १९९० साली मार्सेलला डॉक्टरेट केली. म्हणजे मी ज्या पीएचडीसाठी अर्ज भरत होतो, ती माझ्या जन्माआधीच झालेली होती, आणि तिचं कच्चं सामान लखनौच्या तबल्यातून गेलं होतं!

"तुम्ही कोणाला विचारून ठरवणार?" या प्रश्नाचं उत्तर मला इथं मिळालं. उस्तादाला. एकदा नाही, प्रत्येक फेरीला.

पण याच माणसाचा महाराष्ट्राशी आणखी जवळचा संबंध आहे. पुण्यात हेमा राइरकर आणि गी प्वातवँ हे दोघं खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करत होते. बेल त्या कामात आले, त्यांनी ध्वनिमुद्रण केलं आणि ओव्यांचा संगणकीय साठा रचला. आज तो साठा 'पारी' या संकेतस्थळावर उघडा आहे. लाखाहून जास्त ओव्या, हजारावर गावं, तीन हजारांहून जास्त बायका. मी तो उघडून बघितला तेव्हा एका गोष्टीवर थांबलो. ओवीबरोबर बाईचं नाव आहे. गाव आहे, तालुका आहे. लोकगीत म्हटलं की आपण "पारंपरिक" असं लिहून मोकळे होतो. इथं नाव लिहिलंय.

मधल्या काळात आपल्याकडचं संशोधनही थांबलेलं नव्हतं. प्रा. हरी सहस्रबुद्धे यांनी कानपूर आयआयटीत आणि नंतर पुणे विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवलं. घरी गायिका वीणा सहस्रबुद्धे. हिंदुस्थानी संगीत संगणकानं कसं उलगडावं यावर त्यांनी १९९० च्या दशकात लिहिलं. २००३ साली कानपूर आयआयटीच्याच विद्यार्थ्यांनी 'तानसेन' नावाची राग ओळखणारी प्रणाली केली. ती किती राग ओळखायची? दोन. यमन कल्याण आणि भूपाली. हसू नका, सुरुवात अशीच असते. मुंबई आयआयटीत प्रा. प्रीती राव यांच्या गटानं गाण्यातून मुख्य स्वररेषा वेगळी काढण्यावर वर्षानुवर्षं काम केलं. आणि २०११ ते २०१७ या काळात बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात झाविएर सेरा यांच्या पुढाकारानं 'कॉम्पम्युझिक' प्रकल्प झाला. हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की, चिनी आणि अरब-आंदालुसी अशा पाच परंपरा घेतल्या, आणि पाश्चात्त्य संगीताची मापं त्यांना लावायची नाहीत हीच त्यामागची भूमिका होती. त्यातून कितीतरी पीएचड्या झाल्या. २०२२ साली तर संगीत-माहितीशास्त्राची 'इस्मिर' ही जागतिक परिषद बंगळुरूला भरली.

राग ओळखण्यातली अडचण एका उदाहरणानं सांगतो. भूप आणि देशकार. दोन्हीत तेच पाच स्वर, सा रे ग प ध. नुसते स्वर मोजले तर यंत्राला दोन्ही सारखेच. गवयाला विचाराल तर तो म्हणेल, भूपात गंधारावर जीव, देशकारात धैवतावर. चलन वेगळं, वेळ वेगळी. म्हणजे प्रश्न "कुठला स्वर" असा नाही, "त्या स्वराशी कसं वागायचं" असा आहे. बाबा म्हणतात तेच, नट कधी थांबतो ते.

एवढं वाचून मी खूश होतो. दुसऱ्या अर्जाचा मसुदा तयार झाला: झाडीपट्टीचं नाट्यसंगीत, आणि जोडीला गोंडी-माडिया गाणी. माझा कॉलेजचा एक मित्र एटापल्ली तालुक्यातला, माडिया. सुट्टीत त्याच्याकडे गेलो. त्याच्या आजीनं आणि शेजारच्या तीन बायकांनी अंगणात रेला म्हटली. एक जण सुरुवात करते, बाकीच्या उचलतात, पाय आपोआप फेर धरतात. मी परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड केलं. रात्री लॅपटॉपवर दोन सॉफ्टवेअर चालवली. एक गाण्याचे सूर लिहून देणारं, दुसरं शब्द लिहून देणारं.

सकाळी मी उत्साहानं आजीला ऐकवलं. सुरांचं सॉफ्टवेअर तिच्या आवाजाला पियानोच्या पट्ट्यांवर आणून बसवत होतं, वर-खाली हलणारा प्रत्येक सूर जवळच्या पट्टीला चिकटवलेला. शब्दांचं सॉफ्टवेअर तर थोर! त्यानं माडियाचं हिंदी करून टाकलं होतं, अर्थ काहीच नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे तीस लाखांच्या जवळ आहेत. मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये आणि गुंजाला गोंडी लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली. पण त्या सॉफ्टवेअरच्या लेखी ही भाषा नव्हतीच.

आजी ऐकत होती. मग मित्राला काहीतरी म्हणाली आणि सगळ्या बायका हसल्या. मी विचारलं, काय म्हणते? मित्र म्हणाला, "ती म्हणते, ही बाई कोण?"

मीही हसलो. पण मग मी बॅगेतून संमतीपत्र काढलं. विद्यापीठं मागतात, म्हणून आधीच छापून नेलं होतं. त्यावर एक रेघ होती, "गायकाचे नाव व सही / अंगठा". ओव्यांचा साठा बघून मीच अभिमानानं ती रेघ टाकली होती. मित्रानं आजीला समजावून सांगितलं. ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. मग बोटानं शेजारणीकडे दाखवलं, तिनं पुढचीकडे. मित्र म्हणाला, "एकटीचं नाव कसं लिहू, म्हणते. मी उचललं, यांनी धरलं. नाचले ते वेगळेच. गाणं गावाचं आहे."

जात्यावर बाई एकटी किंवा दोघी बसतात. ओवी तिची असते, म्हणून तिचं नाव लिहिणं हाच न्याय. रेला फेरात असते. तिथं एक नाव लिहिलं तर बाकीच्यांवर अन्याय. म्हणजे जो धडा मी पुण्याच्या कामातून शिकलो होतो, तो एटापल्लीत जसाच्या तसा चालला नाही. मी ते पत्र परत बॅगेत ठेवलं. सही घेतली नाही. ते रेकॉर्डिंग मी कुठल्याही मॉडेलला दिलेलं नाही, मित्राच्या घरी त्याच्या फोनमध्ये एक प्रत दिली आणि माझ्याकडची बाजूला ठेवली.

हा प्रश्न भावनिक नाही, फार व्यवहाराचा आहे. २०२४ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी सुनो आणि युडिओ या गाणी तयार करणाऱ्या कंपन्यांवर दावे लावले, की आमची गाणी न विचारता तुमच्या यंत्राला शिकवली. त्यांच्याकडे वकील आहेत. उद्या कोणी माझ्यासारखा पोरगा मोबाइल घेऊन येईल, रेला रेकॉर्ड करील, साठ्यात टाकील, आणि चार वर्षांनी कुठल्यातरी ॲपमध्ये "आदिवासी बीट" म्हणून ती विकली जाईल. तेव्हा एटापल्लीची आजी कुठं जाणार?

उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आपल्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) आहे. वनहक्क कायदा २००६ चा. २००९ साली मेंढ्याला सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. तिथं जंगल एकाचं नाही, गावाचं. बांबू तोडायचा की नाही हे ग्रामसभा ठरवते, आणि ठरवते ती सर्वसहमतीनं. बांबूला जे लागू आहे, ते गाण्याला का लागू होऊ नये? संमतीपत्रावर एक रेघ नको, ग्रामसभेचा ठराव हवा. आणि ठरावात हेही हवं की गावाला वाटलं तर दिलेली गाणी परत मागता येतील.

आता हे संगणकाच्या भाषेत सांगायला गेलं की खरी पंचाईत सुरू होते. एकदा मॉडेल शिकलं की त्यातून एक गाणं नेमकं बाहेर काढणं सोपं नाही. "विसरायला लावणं" हाच सध्या संशोधनाचा मोठा विषय आहे. म्हणून माझ्या नव्या प्रस्तावात गाणं तयार करणारं यंत्र नाहीच. लहान साठा, गावातच राहणारा. गाण्याचे सूर पियानोला न चिकटवता त्यांची हालचाल जशीच्या तशी रेखाटणारं साधन. आणि बेल-किपेनसारखी फेरी: यंत्र काहीतरी सांगेल, गाणाऱ्या बायका म्हणतील हो किंवा नाही, आणि त्यांचा नकार ही चूक नाही तर माहिती म्हणून धरली जाईल. "ही बाई कोण?" हे वाक्य मी माझ्या उद्देशपत्रात पहिल्या ओळीत लिहिलं. आजीला विचारूनच. ती म्हणाली, लिही.

जे अशा अर्जाच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी थोडं कामाचं. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात २०१९ पासून कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगीत याच विषयाचं खास डॉक्टरेट केंद्र सुरू झालं. बार्सिलोना, जॉर्जिया टेक, स्टॅनफर्ड, पॅरिसचं इर्काम, आपल्याकडे मुंबई आयआयटी, ही या विषयातली जुनी ठिकाणं. युरोपात पुष्कळदा पीएचडीची जागा नोकरीसारखी जाहीर होते. पण कुठंही अर्ज करा, आधी मार्गदर्शकाचे तीन-चार शोधनिबंध नीट वाचा, आणि स्वतःला विचारा की तुमचं उत्तर बरोबर की चूक हे कोण ठरवणार. तो माणूस तुमच्या प्रस्तावात नसेल तर प्रस्ताव अर्धा आहे. मला हे कळायला एक वर्ष आणि बरीच फी गेली.

शेवटचा अर्ज मी ज्या रात्री पाठवला, त्या रात्री बाबांचा प्रयोग होता. पहाटे साडेपाचला त्यांचा फोन आला, नाटक नुकतंच सुटलं होतं, मागे खुर्च्या गोळा केल्याचा आवाज. मी म्हणालो, बाबा, पाठवला अर्ज. ते म्हणाले, "बरं झालं. आता झोप. लागला तं जाजो, नाही लागला तं त्या बाईकडे तरी जाजो. तिनं लिही म्हटलं हाय ना, मग काय झालं थे तिले सांगाव लागन."

निकाल मार्चच्या आसपास येतात. त्याआधी, म्हणजे फेब्रुवारीतच, मी एटापल्लीला जाणार आहे. गावाच्या सभेत पाच मिनिटं बोलायला मिळतील, असं मित्रानं कळवलंय. माडिया मला येत नाही, तो सांगेल. संमतीपत्र नवीन केलंय. त्यावर नावाची रेघ काढून टाकली आहे आणि खाली मोकळी जागा ठेवली आहे, गाव काय लिहील त्यासाठी.

पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.